सामाईक यादीच्या दोन प्रती : त्या कशा होतात व कशा टाळाव्यात

अतिवृष्टीने पिकांची हानी झाली म्हणजे तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक हे तिघे मिळून बांधावर जातात व पंचनामा करतात. (पदनामे अलीकडे बदलली, तरी गावात अजून हीच नावे चालतात.) ३३ टक्के अथवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या क्षेत्राची जी यादी त्यांच्या हातून तयार होते, तिच्यावरच शेतकऱ्यास मिळणारी मदत अवलंबून असते. २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा हिंगोली जिल्ह्यातही पिकांचे मोठे नुकसान झाले. अशा वेळी थोड्या दिवसांत पुष्कळ गावांचे काम उरकावयाचे असते. म्हणून कच्ची यादी इंटरनेटवरील एखाद्या सामाईक फाइलीत भरण्याची सोय केली जाते. सोय चांगली आहे. परंतु तिची रीत ठाऊक नसेल, तर एकाच यादीच्या दोन भिन्न प्रती तयार होतात आणि एखाद्या शेतकऱ्याचे नाव अथवा क्षेत्र दोहोंच्या मध्ये गळून पडते.

सामाईक फाइल वस्तुतः दूरच्या संगणकावर असते. आपल्या मोबाइलमध्ये दिसते ती तिची छाया होय. नेटवर्क असेतोवर मूळ व छाया यांचा मेळ क्षणोक्षणी घातला जातो. ह्या मेळ घालण्यासच ‘सिंक’ म्हणतात. नेटवर्क गेले की मेळ थांबतो, पण आपले लिहिणे थांबत नाही. औंढा नागनाथ किंवा सेनगाव तालुक्यातील एखाद्या डोंगराळ शिवारात उभे राहून आपण जे भरतो ते आपल्या छायेतच राहते, व त्याच वेळी कार्यालयात बसलेला सहकारी मुळात काही निराळे भरीत असतो.

पुढे काय होते हे फाइलीच्या जातीवर अवलंबून आहे. गूगल शीटमध्ये बदल एकेका चौकटीचा पाठविला जातो. म्हणून दोघांनी निरनिराळ्या चौकटी भरल्या तर दोन्ही राहतात. चौकट एकच असेल तर जो बदल शेवटी पोहोचतो तो टिकतो. येथे ‘शेवटी लिहिलेला’ व ‘शेवटी पोहोचलेला’ यांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. समजा, गट क्रमांक ११२ मधील बाधित क्षेत्र कृषि सहायकाने सकाळी अकरा वाजता नेटवर्क नसताना अंदाजाने ०.६० हेक्टर भरले. दुपारी प्रत्यक्ष मोजणीत ते ०.८० आले व तलाठ्याने तसे यादीत नोंदविले. सायंकाळी सहायक गावात परतला, मोबाइलला नेटवर्क मिळाले आणि सकाळचा आकडा सात वाजता यादीत पोहोचला. सकाळचा अंदाज दुपारच्या मोजणीवर चढून बसला! कोणी काही खोडले नाही, कोणतीही सूचना दिसली नाही, आणि शेतकऱ्याचे वीस आर क्षेत्र गेले.

याउलट संगणकावर उघडलेली एक्सेलची फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेतून ठेवली असता संपूर्ण फाइलच एकदम पाठविली जाते. दोघांनी एकाच वेळी बदल केले, तर कोणाचे खरे हे यंत्रास ठरविता येत नाही. ते दोन्ही फाइली ठेवते व दुसरीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शब्द आणि दिनांक जोडते. वनड्राइव्ह अशा वेळी फाइलीच्या नावापुढे संगणकाचे नाव लावते. अशी जादा फाइल दिसताच पुष्कळजण ती कचरा समजून पुसून टाकतात. हे सर्वथा चुकीचे आहे. त्या फाइलीत सहकाऱ्याचे दिवसभराचे काम असू शकते.

मात्र सर्वांत अधिक गोंधळ सिंकमुळे होत नसून व्हॉट्सॲपमुळे होतो, असे माझे मत आहे. यादी उतरवून घ्यावयाची, मोबाइलमध्ये दुरुस्त करावयाची व ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘नवी अंतिम’ अशा नावांनी गटावर पाठवावयाची, या रीतीने पाचसहा प्रती फिरू लागतात. त्यांचा मूळ यादीशी कोणताही संबंध उरत नाही. पाहण्यासाठी प्रत पाठविणे असल्यास ती पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे तीत कोणी सहजासहजी भर घालणार नाही. दुरुस्ती सांगावयाची ती गट क्रमांकासह निरोपाने सांगावी.

ही अडचण मोबाइलनेच आणली असे मात्र नाही. सातबाराचे संगणकीकरण झाले, तेव्हा हस्तलिखित व संगणकीकृत असे एकाच जमिनीचे दोन सातबारे काही काळ शेजारी शेजारी नांदले व कित्येक ठिकाणी त्यांत तफावत आढळली. ती दूर करण्यासाठी २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. पंचनाम्याच्या कच्च्या यादीचेही असे वाचन करावे. खातेदाराइतके आपले क्षेत्र दुसऱ्या कोणास पाठ असणार!

मुख्य उपाय असा की, एका ओळीचा धनी एकच असावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदार आपापल्या गटाची नोंद स्वतः करतो, त्यामुळे दोघांनी एकाच ओळीत हात घालण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आपल्या यादीतही तसेच करावे. गावनिहाय स्वतंत्र पान करावे, त्या पानात कोण लिहिणार हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे व इतरांस केवळ पाहण्याची मुभा ठेवावी. अंदाजाचे क्षेत्र व मोजलेले क्षेत्र यांस निरनिराळे रकाने असावेत. वरील उदाहरणात एवढे केले असते तरी वीस आर वाचले असते. एकाच नावाचे दोन शेतकरी गावोगाव आढळतात, म्हणून ओळख नावाने न ठेवता शेतकरी ओळख क्रमांक व गट क्रमांक यांनी ठेवावी.

सामाईक यादी कोणीही परस्पर अकारविल्हे लावू नये. एकच रकाना निवडून क्रम लावला, तर नाव एकाचे व क्षेत्र दुसऱ्याचे होते. स्वतःपुरती मांडणी हवी असल्यास गूगल शीटमधील ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा. शिवारातून परतल्यावर सिंक पूर्ण झाल्याची खात्री करून मगच त्या दिवसाचे काम संपले असे समजावे. नेटवर्क येताच मोबाइल बंद करून ठेवू नये.

इतके करूनही दोन प्रती निघाल्याच, तर प्रथम सर्वांनी लिहिणे थांबवावे. दोन्ही फाइली निराळ्या जागी जतन कराव्यात, गट क्रमांकाने ओळी जुळवाव्यात आणि जेथे आकडा भिन्न आहे तेथे बांधावर लिहिलेला मूळ पंचनामा काढून पाहावा. गूगल शीटच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त कोणता बदल कोणी व केव्हा केला हे दिसते. तेथून संपूर्ण जुनी यादी परत आणण्याची घाई करू नये, कारण तिच्यामागून इतरांनी भरलेले चांगले कामही यादीतून जाते. हवा तो एकच आकडा पाहून हाताने लिहावा.

शेतकरी बंधूंनी पंचनाम्याच्या वेळी आपला गट क्रमांक, पीक व लिहिलेले क्षेत्र वहीत टिपून घ्यावे, आणि यादी ग्रामपंचायतीत लागताच ते ताडून पाहावे. फरक दिसल्यास तोंडी न सांगता गट क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.