वर्षभर पुरणारी दिवाळी भेट

दिवाळी आली की मुलांना काय द्यायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो. मिठाई भाऊबीजेपर्यंत संपते, खेळणं तुळशीच्या लग्नापर्यंत टिकलं तरी पुष्कळ. पण दिवाळीला वाचायला देण्याची आपली रीत जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंकाला जागा मिळाली. त्याच रीतीला धरून एक सुचवतो. यंदा भाच्याला, पुतणीला वन्यजीवांवरच्या एखाद्या नियतकालिकाची वर्षाची वर्गणी भेट द्या.

योग्य वयात हाती आलेली पुस्तकं काय करतात, याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे घरात कुणाला सांगता येईना. मामांनी, म्हणजे अमीरुद्दीन तय्यबजींनी, त्यांना १९०८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पोराला हाकलून दिलं नाही. पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पुढचा इतिहास आपण जाणतोच. आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळच्या सरोवराला त्यांचंच नाव आहे.

आता अंक कोणता निवडायचा? मूल इंग्रजी सहज वाचत असेल, तर बिट्टू सहगल यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं ‘सँक्च्युअरी एशिया’ आहे. मराठी वाचणाऱ्यांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. ते केवळ वन्यजीवांचं नाही. पण निसर्गावरचं लेखन त्यात असतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. पैसे भरण्याआधी त्यातले दोन-चार मुलाला वाचायला देऊन पाहा. त्याचं मन कशात रमतं ते कळेल.

वर्गणी भरताना थोडी काळजी घ्या. वर्षाला किती अंक येतात, पहिला कधी येईल आणि तो छापील असेल की पडद्यावर वाचायचा, हे आधी विचारा. लहान मुलासाठी छापीलच बरा. पत्ता पिनकोडसह लिहा आणि नाव मुलाचंच घाला. आपल्या नावावर टपाल येण्याचं अप्रूप मोठं असतं. पहिला अंक यायला वेळ लागतो, म्हणून पाडव्याला एक जुना अंक आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी द्या.

एवढं करूनही अंक कपाटात पडून राहू शकतो. चित्रातला वाघ कितीही देखणा असला तरी मुलाला तो लांबचाच वाटतो. म्हणून अंकाला जोड हवी ती प्रत्यक्ष पाहण्याची. आपल्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठणचा नाथसागर आहे. जायकवाडीचा हा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. कन्नडकडे गौताळ्याचं जंगल आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो. एक सकाळ मुलांना घेऊन पाण्याकाठी जा. जे दिसेल ते वहीत लिहायला सांगा आणि घरी आल्यावर अंकात शोधा.

नाथसागरावर येणारे हे पाहुणे पुढेही येत राहावेत, असं वाटणारी माणसं या शहरात हवीत. ज्याचं नावही ठाऊक नाही, त्याची काळजी कोण करणार? मुलांना ती नावं ठाऊक व्हावीत, यासाठी वर्षाची वर्गणी हा काही फार मोठा खर्च नाही.