दापोडी ते चाकण : उद्योगांचा शेजार आणि सरकारचे धोरण (लेखांक सातवा)

एकाच प्रकारचा किंवा एकमेकांना लागणारा माल करणारे पुष्कळ कारखाने एका टापूत एकवटले, की त्या टापूला उद्योगसमूह म्हणतात. कारखानदारांच्या बोलण्यात आणि सरकारी योजनांच्या नावांतही त्यासाठी ‘क्लस्टर’ हाच शब्द रुळला आहे. कारखाने जवळजवळ असणे एवढ्यावर समूह होत नाही. त्यांचे एकमेकांवाचून अडायला हवे. मुळा-पवनेच्या संगमाजवळच्या दापोडीपासून कासारवाडी, भोसरीमार्गे नाशिक रस्त्याने चाकणपर्यंतचा सुमारे पंचवीस किलोमीटरचा पट्टा असा एकमेकांत गुंतलेला आहे, आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक धोरणातले जवळजवळ सगळे प्रयोग या पट्ट्यावर किंवा या पट्ट्याकडे पाठ फिरवून झाले आहेत.

ही गुंतवण एका सुट्या भागाच्या प्रवासात दिसते. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग भोसरीत येते. एका शेडमध्ये त्याचे टर्निंग आणि मिलिंग होते. हीट ट्रीटमेंटसाठी ते दुसरीकडे जाते, ग्राइंडिंगला तिसरीकडे, प्लेटिंगला चौथीकडे. मापे तपासली गेली की टेम्पोत चढून ते चाकणच्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर पोचते. यातल्या कुठल्याही शेडच्या मालकाने स्वतःची भट्टी किंवा प्लेटिंगची टाकी घेतलेली नसते, कारण त्याच्या एकट्याच्या कामावर ती निम्मा वेळही चालणार नाही. त्याला फक्त जॉबवर्कचा दर माहीत असावा लागतो. थोड्या भांडवलावर चार यंत्रांची शेड टाकता येते ती यामुळेच, आणि दुसऱ्या जिल्ह्यात नेमकी तीच शेड तोट्यात जाते तीही यामुळेच.

अर्थशास्त्रात या गोष्टीची पहिली नीट मांडणी इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली केली. त्यांनी तीन कारणे दिली : कुशल कामगारांचा एकत्र साठा, पूरक धंद्यांची वाढ, आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे ज्ञान. पुढे १९९० मध्ये मायकल पोर्टर यांनी स्पर्धेच्या अंगाने हाच विचार मांडला आणि ‘क्लस्टर’ हा शब्द जगभरच्या सरकारांच्या तोंडी बसवला. मार्शल यांचे तिसरे कारण मोजायला सर्वांत अवघड, पण भोसरीत ते उघड्या डोळ्यांना दिसते. एका कंपनीत पंधरा वर्षे टूलरूममध्ये काढलेला फिटर नोकरी सोडून गाळा भाड्याने घेतो, त्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा जुनी कंपनीच असते, आणि फिक्श्चर कसे बांधायचे हे ज्ञान त्याच्याबरोबर रस्ता ओलांडून येते.

हा शेजार कसा जमला, याचा आरंभ दापोडीत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारची वनस्पती बाग इथे होती. पण कारखानदारीचा पाया घातला तो १८५८ च्या पुणे–खंडाळा रेल्वेने आणि शेजारच्या खडकीत १८६९ मध्ये निघालेल्या दारूगोळा कारखान्याने. त्या कारखान्यामुळे धातूकाम जाणणारी माणसे या भागात स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. बाहेरून आलेल्या चेसिसवर तिथे बसबांधणी होते, म्हणजे पत्रा, वेल्डिंग, सुतारकाम आणि रंगकाम जाणणारे हात वर्षानुवर्षे तिथे तयार होत आले. सार्वजनिक क्षेत्राने घडवलेल्या अशा कामगाराची किंमत कुठल्याच औद्योगिक धोरणाच्या हिशेबात धरली जात नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

१९६० च्या सुमारास स्वीडनच्या कंपन्या इथे आल्या. अ‍ॅटलस कॉप्को आणि सँडविक यांनी मुंबई–पुणे रस्त्यावर दापोडीत कारखाने घातले. अल्फा लावल हीदेखील इथलीच. अ‍ॅटलस कॉप्कोच्या पत्त्यातले ‘स्वीयानगर’ हे नाव त्या देशाची खूण आजही बाळगून आहे. त्याच दशकात चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना सुरू झाला. या कंपन्यांचा माल पाहिला की समूहाचे गणित उलगडते. सँडविकची कार्बाइडची हत्यारे लेथवर धातू कापतात, अ‍ॅटलस कॉप्कोचा कॉम्प्रेसर शेडला दाबाची हवा पुरवतो, एसकेएफचे बेअरिंग फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रात लागते. वाहन बनवणाऱ्याला लागणारी साधने पुरवणारे पट्ट्याच्या दाराशीच बसले होते.

सरकारचे सर्वांत ठोस काम याच काळातले. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘एमआयडीसी’, स्थापन झाले. महामंडळाने जमीन संपादन केली, आखून भूखंड पाडले, रस्ते केले आणि पवनेचे पाणी रावेतहून कारखान्यांपर्यंत आणले. पिंपरीत १९५४ मध्येच केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली होती. आकुर्डीला बजाज आले. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) साठच्या दशकात पुण्यात पाऊल टाकले तेव्हा कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी यंत्रे व डाय बनवण्याची सोय आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले. इथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. माणूस आधी आणि माल नंतर, हा क्रम फार थोड्या कारखान्यांनी पाळला. टेल्कोत उमेदवारी करून बाहेर पडलेले तरुण पुढे सगळ्या पट्ट्याला पुरले.

त्याच वेळी दिल्लीचे धोरण वेगळ्या मार्गाने इथल्या छोट्या कारखान्यांना काम देत होते. १९५१ च्या उद्योग कायद्याने परवाना सक्तीचा केला होता आणि परकीय चलन तुटपुंजे असल्याने वाहनांचे सुटे भाग देशातच बनवण्याचा आग्रह धरला जाई. १९६७ पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या. ती यादी पुढे आठशेच्या वर गेली आणि २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूही मोकळ्या झाल्या. या बंधनांनी दर्जा खुंटवला आणि कारखाने मुद्दाम लहान ठेवण्याची सवय लावली, हे खरे. पण मोठ्या कंपनीला शेजारच्या शेडमध्ये जाऊन तिथल्या माणसाला काम शिकवणे त्यांनीच भाग पाडले.

राज्याचे धोरण मात्र १९६४ पासून या पट्ट्याच्या विरुद्ध दिशेला पाहत होते. त्या वर्षी सुरू झालेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा उद्देश मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्यातली गर्दी टाळून उद्योग मराठवाडा, विदर्भ, कोकणात पाठवण्याचा होता. तालुक्यांची ‘अ’ ते ‘ड’ अशी, आणि पुढे ‘ड+’ अशीही, प्रतवारी झाली. विकसित ‘अ’ गटाला सवलती नाममात्र, मागास गटाला विक्रीकराची सूट किंवा लांबणी आणि इतर लाभ. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक अनुशेष आकड्यांत मांडला, तेव्हा या धोरणाची गरज आणखी ठळक झाली.

त्याचा सर्वांत यशस्वी दाखला वाळूजचा. १९८५ मध्ये बजाजने औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला कारखाना काढला. पुण्याच्या काही पुरवठादारांनी तिथे शाखा घातल्या, स्थानिक तरुणांनी शेड टाकल्या, आणि आज तिथे मराठवाडा ऑटो क्लस्टर या नावाचे सामाईक केंद्र आहे. पण ज्या अनेक तालुक्यांत एखादाच कारखाना सवलतीसाठी गेला, तिथे सवलतीची मुदत संपताच तो आजारी पडला किंवा बंद झाला. फरक करसवलतीत नव्हता, ती दोन्हीकडे होती. वाळूजला आलेला कारखाना असा होता की त्याच्या प्रत्येक दुचाकीमागे शेकडो सुटे भाग बाहेरून घ्यावे लागत, आणि गरज पडल्यास पुण्याहून टेम्पो एका रात्रीत पोचत असे. सवलतीने कारखाना हलतो. शेजार हलवायला मागणीची जाळी लागते. प्रादेशिक समतोलाचा विचार करताना हा मुद्दा सतत मागे राहिला.

१९९१ मध्ये बहुतेक उद्योगांची परवाना पद्धत संपली आणि पट्ट्याचे टोक चाकणकडे सरकले. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, मार्च २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. चिंचवडला टेल्कोच्या आवारात सुरुवात केलेल्या मर्सिडीज-बेंझनेही त्याच वर्षी चाकणला स्वतःचे घर केले, आणि पाठोपाठ महिंद्रा आली. या टप्प्यातले सरकारी हत्यार म्हणजे ‘मेगा प्रकल्पा’चे पॅकेज. गुंतवणूक किंवा रोजगाराची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या प्रकल्पासाठी सवलती स्वतंत्रपणे ठरवल्या जातात. शेजारची राज्येही तेच देत असल्याने बोली चढत जाते. आणि मोठा कारखाना निघूनही जाऊ शकतो : तळेगावला २००८ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवले आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला.

‘क्लस्टर’ हा शब्द सरकारी योजनांत आला तो १९९७ मधल्या आबिद हुसेन समितीच्या लघुउद्योगविषयक अहवालानंतरच्या काळात. एकेका कारखान्याला अनुदान देण्याऐवजी सगळ्यांच्या उपयोगाची सोय उभारावी, हा त्यामागचा विचार. २००३ च्या केंद्रीय औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेत प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, पण ५० कोटी रुपयांच्या मर्यादेत, अनुदान मिळे. त्या योजनेतून चिंचवडला ऑटो क्लस्टर उभे राहिले. लहान कारखान्याला न परवडणारी चाचणी, मापयंत्रांचे प्रमाणीकरण, नमुना भाग झटपट बनवण्याची यंत्रे आणि प्रदर्शनाची जागा तिथे एका आवारात आहे. १९३४ पासून पुण्यात काम करणारी उद्योजकांची संघटना मराठा चेंबर, १९६६ ची वाहनसंशोधन संस्था एआरएआय आणि भोसरीची रस्तेवाहतूक संस्था सीआयआरटी यांच्या जोडीला ही नवी संस्था आली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राची खर्चमर्यादा २०२२ मध्ये २० कोटींवरून ३० कोटी रुपये झाली.

सामाईक केंद्राची अडचण यंत्रांपेक्षा माणसांची असते. योजनेसाठी कारखानदारांनी एकत्र येऊन स्वतंत्र कंपनी काढायची, आपला हिस्सा घालायचा आणि अनुदान संपल्यावर केंद्र चालवायचे. एकमेकांचे स्पर्धक असलेले वीसजण आपापले नकाशे एकाच मापन कक्षात पाठवायला सहज तयार होत नाहीत. जिथे प्रश्न सर्वांना सारखाच त्रास देणारा असतो, तिथे केंद्र चालते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना वापरलेली वाळू टाकायला जागा नव्हती आणि नवी महाग होती. म्हणून वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामाईक प्रकल्प त्यांना हवासा वाटला.

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला सर्वांत जास्त सतावणाऱ्या दोन गोष्टी तर कुठल्याच केंद्रात सुटत नाहीत. पहिली जागा. चाकणचे भूखंड मोठ्या प्रकल्पांच्या मापाने पडले. चार यंत्रांच्या शेडला कुरुळी, महाळुंगे, निघोजे अशा गावांत गुंठ्याच्या जागेवर पत्रा टाकावा लागतो. बांधकाम परवानगी नसल्याने तारण नाही, तारण नसल्याने बँकेचे कर्ज नाही. तळवड्याच्या बाजूला देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या ‘रेड झोन’ची, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्याची, भर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली, तेव्हा भंगाराच्या गोदामांबरोबर कितीतरी वर्कशॉपही गेली. नियोजनाचा भंग झाला होता यात शंका नाही. पण भंगार आणि जॉबवर्क हे समूहाचेच अवयव आहेत, आणि त्यांच्या मापाची अधिकृत जागा नियोजनाने वेळेवर आखली नाही.

दुसरी गोष्ट थकलेल्या बिलांची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. तरतूद कडक आहे. पण ज्याचे ऐंशी टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचे, तो त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन जात नाही. करकायद्यातली तरतूद त्यामुळे अधिक उपयोगी, कारण तिला तक्रारदार लागत नाही.

आता विजेच्या वाहनांनी समूहाची रचनाच हलवली आहे. २००७ मध्ये बजाजचे आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबले होते. त्याच जागी जून २०२२ मध्ये कंपनीने विजेच्या चेतकचा कारखाना सुरू केला. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, गिअर यांवर पोसलेल्या शेडला त्या स्कूटरमध्ये काम थोडे. नवे काम मोटारीचे वाइंडिंग, बॅटरीची पेटी, कंट्रोलर यांचे. दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ मानकातल्या कडक चाचण्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या, आणि त्यांचा खर्च एकट्या शेडच्या आवाक्यातला नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहनक्षेत्रासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना मंजूर केली. सुटे भाग बनवणाऱ्या प्रस्थापित कंपनीला तिच्यात यायचे तर त्या कंपनीच्या संपूर्ण गटाची उलाढाल किमान ५०० कोटी रुपये हवी. भोसरीच्या गाळ्याला त्या दाराने आत जाता येत नाही. त्याच्या मापाचे दार सामाईक केंद्राचेच उरते. तिथे बॅटरी आणि मोटारीच्या चाचणीची सोय आली, तर जुन्या टर्नरला नवा नकाशा हाती घेता येईल.