रंग पाहताना धुवणही पाहा

मनमाडात नळाला पाणी कधी येणार, हा घरोघरचा प्रश्न. वागदर्डी धरण आटलं की पंधरा-पंधरा दिवस नळ कोरडे राहिल्याचे उन्हाळे इथल्या लोकांनी काढले आहेत. अशा गावात कापडावर स्क्रीन प्रिंटिंग शिकायचं, तर रंगाआधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. टी-शर्ट, झेंडे, पिशव्या छापण्याचं हे काम घरातल्या टेबलावरही होतं. पण त्याबद्दलची माहिती बहुधा ऐकीव असते.

गैरसमज: मशीनशिवाय स्क्रीन तयार होत नाही.

वस्तुस्थिती: लाकडी फ्रेम, तिच्यावर ताणलेली पॉलिएस्टरची जाळी आणि रबरी पट्टीचं स्क्वीजी एवढ्यावर भागतं. जाळीला इमल्शन लावून अंधारात वाळवायचं आणि फिल्मवर काळ्या शाईत काढलेलं डिझाइन वर ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेलं इमल्शन घट्ट होतं, काळ्याखालचं मऊ राहून पाण्याने निघून जातं आणि रंगाला वाट मिळते. ऊन किती वेळ द्यायचं, ते छोट्या पट्टीवर आधी तपासा. कापडाला 43टी, म्हणजे सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी चांगली. त्याहून फार बारीक जाळी लवकर तुंबते. इमल्शनमध्ये बायक्रोमेट मिसळायची जुनी पद्धत मात्र सोडा. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन वापरा.

गैरसमज: पाण्यातला रंग म्हणजे निर्धोक रंग.

वस्तुस्थिती: प्लास्टिसॉलपेक्षा तो बरा, एवढंच खरं. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची शाई. साधारण 160 अंश सेल्सियस उष्णता मिळेपर्यंत ती पक्की होत नाही आणि पुसायला सॉल्व्हंट लागतं. पण पाण्यातल्या पिगमेंट रंगातही ॲक्रिलिक बाइंडर असतो, काही फिक्सरमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं. म्हणून छपाई संपली की स्क्रीन थेट नळाखाली धरू नका. उरलेला रंग उलथन्याने खरवडून बरणीत भरा, जाळी ओल्या फडक्याने पुसा आणि मगच बादलीभर पाण्यात धुवा. ते धुवण निवळू द्या. तळाचा गाळ गटारात सोडू नका.

गैरसमज: नैसर्गिक रंग आपोआप पक्के आणि सुरक्षित असतात.

वस्तुस्थिती: हळदीचा पिवळा उन्हात झपाट्याने उडतो. सुती कापडावर रंग धरायला आधी हिरड्यासारखं तुरट द्रव्य आणि मग तुरटी किंवा लोह लागतं. तांबं आणि क्रोमियमचे क्षार वापरले, तर रंग झाडाचा असूनही धुवण विषारी होतं. आपल्याकडे कच्चा माल शेजारीच आहे: लासलगाव-मनमाडच्या बाजारातली कांद्याची टरफलं, मालेगाव-सटाण्याकडच्या डाळिंबाच्या साली. टरफलांचा काढा तुरटीसोबत सोनेरी पिवळा आणि लोहासोबत हिरवट-तपकिरी छटा देतो. हा काढा पातळ असतो. तो चिंचोक्याच्या पिठाने किंवा गवार गमने घट्ट केला, तरच स्क्रीनमधून रेषा नीट उतरते. कृत्रिम रंगही सरसकट वाईट नाहीत. कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर भारतात 1990च्या दशकातच बंदी आली. रंग घेताना तो त्यांतला नाही ना, हे दुकानदाराला विचारा.

गैरसमज: घरी छापलेलं दोन धुण्यांत निघून जातं.

वस्तुस्थिती: दोष बहुधा तयारीचा असतो. कोऱ्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढल्याशिवाय रंग धाग्यापर्यंत पोचत नाही. पिगमेंटची छपाई पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवा, म्हणजे बाइंडर पक्का होतो. रंग निघून गेलेला माल टाकून देणं, यासारखी पाण्याची दुसरी नासाडी नाही.

गैरसमज: नॉन-वोव्हन पिशवी कापडी असते.

वस्तुस्थिती: ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कापडाच्या नावाखाली ती सर्रास खपली. देशभर 2021 पासून 60 जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना मनाई आहे. कोपऱ्यातला धागा ओढून पाहा: विणलेल्या कापडाचा धागा सुटतो, हिचे नुसते तंतू विसकटतात. तिच्यावर कितीही निसर्गस्नेही रंगाने छापलं, तरी पिशवी प्लास्टिकचीच राहणार.

शिकायला सुरुवात करताना एकच रंग, एकच स्क्रीन आणि जुनी सुती चादर घ्या. ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द डब्यावर छापणं सोपं आहे. काम खरोखर तसं आहे का, ते धुवणाची बादली सांगते. ती रोज पाहा.