आजीच्या लुगड्याचा हिरवा

आमच्या घरी बैठकीत आजीचा एक फोटो लावलेला आहे. त्या फोटोने मला रंगसंगती शिकवली. शिकवली म्हणण्यापेक्षा, आधी चूक करायला लावली आणि मग ती निस्तरायला लावली. वाङ्मय मंडळाच्या अंकात फोटो एडिटिंगवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण आपण सगळेच रोज मोबाईलवर फोटोचे रंग बदलतो, आणि रंग बदलला की अर्थही बदलतो. शब्दांचं जे आहे तेच रंगांचं.

मी बालाघाट जिल्ह्यातला. वैनगंगेच्या काठाजवळ आमचं गाव. घरात आमची झाडीपट्टीची मराठी, बाहेर हिंदी. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला घरी गेलो होतो. सकाळची वेळ, आजी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ आमच्याकडचा चिन्नोर, ज्याला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं. मागे गेरूने सारवलेली तांबूस भिंत, अंगावर गडद हिरवं सुती लुगडं, बाजूला पितळी लोटा. मी मोबाईलवर एकच फोटो काढला आणि तो फार छान आला.

तसाच ठेवला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला तो 'सिनेमासारखा' करायचा होता. तेव्हा सगळीकडे निळसर-हिरवा आणि नारिंगी असा लुक चालला होता. मी एक तयार फिल्टर लावला. सावल्यांत मोरपंखी निळा आला, उजेडात नारिंगी. आजीचा चेहरा 'उठून दिसावा' म्हणून नारिंगीचा उजळपणा वाढवला. फोटो झकास दिसायला लागला, मित्रांनी वाहवा केली.

आजीला दाखवला तर ती मोबाईल लांब धरून बघत राहिली. म्हणाली, "हे कोन होय गा? लुगडं माहं नाही. अन् माहा रंग कोठी गेला?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

त्याच पौषात आजी गेली. तेरवीसाठी फोटो हवा होता. बाबा म्हणाले, "तो ओसरीवरचा दे. पण जशी होती तशी दे." तेव्हा मला कळलं की मूळ फोटो माझ्याकडे नव्हताच. मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून बदललेली प्रत ठेवून मूळ फोटो मी उडवला होता. इतरांना पाठवलेली प्रतही रंग बदललेलीच. तेरवीला आधार कार्डासाठी काढलेला फोटो मोठा करून लावला. आणि मी ठरवलं, काही झालं तरी आजीचा रंग परत आणायचा.

रंगचक्र एक नाही, दोन आहेत

कामाला बसलो तेव्हा पहिल्यांदा रंगचक्र नीट समजून घेतलं. न्यूटनने १७०४ साली छापलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये प्रकाशाचे रंग गोलात मांडले. तेव्हापासून रंग गोलात बघायची सवय जगाला लागली. त्या गोलात समोरासमोर येणारे रंग म्हणजे विरोधी किंवा पूरक रंग, आणि बाजूबाजूला असणारे ते शेजारी रंग.

आता गंमत बघा. शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं चक्र रंगाच्या डबीचं असतं. त्यात मूळ रंग लाल, पिवळा, निळा. लालच्या समोर हिरवा, निळ्याच्या समोर नारिंगी, पिवळ्याच्या समोर जांभळा. पण मोबाईलचा पडदा डबीतल्या रंगांनी रंगत नाही, तो प्रकाशाने रंगतो. प्रकाशाचे मूळ रंग लाल, हिरवा, निळा. इथे लालच्या समोर सायन (हिरवट आकाशी) येतो, हिरव्याच्या समोर मॅजेंटा (राणी कलर), आणि निळ्याच्या समोर पिवळा.

एडिटिंग ॲपमधले स्लाइडर याच दुसऱ्या चक्रावर चालतात. 'टेंपरेचर' स्लाइडरच्या एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला पिवळा. 'टिंट'च्या एका टोकाला हिरवा, दुसऱ्याला मॅजेंटा. का? कारण एक रंग काढायचा म्हणजे त्याच्या समोरचा रंग घालायचा. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट आला तर मॅजेंटाकडे सरका, हिरवटपणा जातो. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. चित्र कसं दिसावं हे ठरवताना डबीचं चक्र अजूनही उपयोगी पडतं, पण स्लाइडर हलवताना प्रकाशाचं चक्र डोक्यात हवं.

माझ्या फोटोत आधी सावल्यांतला सायन काढायचा होता, म्हणून सावल्यांत लाल घातला. उजेडातला नारिंगी काढायला थोडा निळा घातला. बरोबर झालं की नाही हे कशावरून ओळखायचं? फोटोत जी वस्तू मुळात बिनरंगाची असते, तिच्यावरून. आजीचे पांढरे केस! ते ना निळे दिसले पाहिजेत, ना पिवळे. केस केसांसारखे दिसले तेव्हा पहिली पायरी झाली.

प्रत्येक रंगाची तीन बटणं

कोणत्याही रंगाचे तीन गुण असतात. तो कोणता रंग आहे (ह्यू), तो किती भडक आहे (सॅच्युरेशन), आणि तो किती उजळ आहे (ल्युमिनन्स). आजीचं लुगडं मोरपंखी झालं होतं, म्हणजे ह्यू सरकला होता. तिचा चेहरा गोरा झाला होता, म्हणजे ल्युमिनन्स वाढला होता.

लुगडं अजून घरात होतं. आईने ते पेटीत घडी करून ठेवलं होतं. मी ते त्याच ओसरीवर, सकाळच्या त्याच वेळेला पसरलं, शेजारी पांढरा कागद ठेवला आणि फोटो काढला. मग त्या हिरव्याशी जुळेपर्यंत फोटोतला हिरवा सरकवत गेलो.

चेहऱ्याचं काय? त्यासाठी पुरावा कुठून आणायचा? मी बाबांना म्हटलं, जरा ओसरीवर हात धरा. बाबांचा वर्ण थेट आजीचा. त्यांनी काही विचारलं नाही. लुगड्याशेजारी हात ठेवून बसले.

इथे मला एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. माणसाची त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा ह्यू रंगचक्रावर एका अरुंद पट्ट्यातच असतो, लाल आणि पिवळ्याच्या मधे, नारिंगीच्या आसपास. व्हिडिओ ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी एक ठराविक रेषाच आखलेली असते, सगळ्यांच्या त्वचेसाठी तीच एक. फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा. म्हणजे 'नारिंगी उजळ करा' हा जो सल्ला फोटो सुंदर करायला म्हणून दिला जातो, तो प्रत्यक्षात 'माणूस गोरा करा' असा असतो. मी आजीला न विचारता गोरी केली होती. आणि तिने पहिल्या नजरेत तेच पकडलं होतं.

शेजारी बदलला की रंग बदलतो

लुगड्याचा हिरवा मोजून मापून जुळवला, तरी फोटोत तो खरा वाटेना. जरा जास्तच गार, जास्तच चमकदार दिसे. दोन दिवस डोकं खाजवलं. उत्तर सापडलं ते १८३९ सालच्या एका पुस्तकात सांगितलेल्या नियमात.

मिशेल यूजीन शेव्हरूल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे विणकामाचे मोठमोठे पडदे तयार होत. तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. शेव्हरूल यांनी तपासलं, तर काळ्या रंगात खोट नव्हती. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या बाजूला आला की तोच काळा डोळ्याला कमजोर दिसे. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून बघतो, प्रत्येकावर दुसऱ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवतो. आमच्या वारासिवनीच्या हातमागावर साडी विणणाऱ्यालाही हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. काठ बदलला की अंगाचा रंग वेगळा दिसतो.

माझ्या फोटोत भिंत अजून फिकट नारिंगी होती. गेरूचा तांबूसपणा गेलेला. मी लुगड्याला हात न लावता फक्त भिंत खाली आणली, थोडी गडद, थोडी लालकडे. आणि लुगडं आपोआप जागेवर आलं! अडचण एकच, भिंत आणि त्वचा दोन्ही नारिंगीच्या घरातल्या. एक हलवली की दुसरी हलते. म्हणून चेहरा आणि हात वेगळे निवडून, ब्रशने, हळूहळू करावं लागलं.

तेव्हा ध्यानात आलं की मूळ फोटोत रंगसंगती आधीपासून होतीच. तांबूस भिंत आणि हिरवं लुगडं ही विरोधी जोडी. भिंत, पितळी लोटा आणि आजीची त्वचा हे शेजारी रंग. मी बाहेरून एक संगती आणून तिथली मोडली होती.

संगती कुठे शोधायची

पुस्तकात संगतीचे बरेच प्रकार असतात. आपल्याला दोन पुरेत, आणि दोन्ही आमच्या जिल्ह्यात दिसतात.

विरोधी रंगांची संगती जोर आणते. कान्हाच्या मुक्की भागात सालाच्या हिरव्या जंगलात वाघ दिसला की नारिंगी कसा अंगावर येतो! (हरणाला मात्र तसा दिसत नाही. त्याच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा वेगळे करता येत नाहीत, म्हणून तर वाघाचं भागतं.) आपल्या ख्रिसमसच्या कार्यक्रमाचे फोटो आठवा. बाहेर निळी संध्याकाळ, आत मेणबत्त्यांचा पिवळा उजेड. असा फोटो ॲपच्या 'ऑटो' बटणाने नीट करायला गेलात तर ते निळा किंवा पिवळा पुसू शकतं, आणि ती संध्याकाळच निघून जाते.

शेजारी रंगांची संगती शांत असते. हिवाळ्यात वाळलेल्या पिवळ्या गवतात उभा बारासिंगा बघा. गवत, अंग, धुकं, सगळं पिवळ्या-तपकिरीच्या घरातलं. इथे हिरवा घालून फोटो 'जिवंत' करू नका.

दोन्हीत प्रमाण महत्त्वाचं. एक रंग भाताएवढा, दुसरा वरणाएवढा, तिसरा मिठाएवढा. सगळे सारखे वाढले की ताट बिघडतं.

या मातीतून रंग उचललेला मोठा माणूस म्हणजे सय्यद हैदर रझा. १९२२ साली शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्म, वडील जंगल खात्यात. नागपूरच्या कला शाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिक्षण. १९५० साली फ्रान्सला गेले आणि सहा दशकं तिथे राहिले, पण चित्रांत तापलेली माती, काळी रात्र, बिंदू राहिलेच. २०१६ साली ते गेले, त्यांना मंडल्यातच दफन केलं. रंग कुठून घ्यायचे या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे बघून मिळतं.

कामाचा क्रम

माझ्या चुकांतून तयार झालेला क्रम असा:

१. मूळ फोटोची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. जेपेग फोटोत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ताणून एकदा गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

२. आधी उजेड-अंधार ठीक करा, मग व्हाईट बॅलन्स. फोटोतली बिनरंगी वस्तू शोधा.

३. फोटोत कोणते रंग आधीच एकमेकांशी बोलताहेत ते बघा. एक मुख्य रंग ठरवा.

४. तो वाढवण्यापेक्षा नको असलेले रंग कमी करा. मागची भडक निळी प्लास्टिकची बादली थोडी मंद केली तरी खूप फरक पडतो.

५. त्वचेला शेवटी हात लावा, आणि माणूस समोर असेल तर त्याला विचारा.

६. फोटो रात्रभर ठेवा. डोळा रंगाला सरावतो, सकाळी खरं दिसतं.

फोटो शंभर टक्के परत आला का? नाही. भिंतीचा एक कोपरा जळून पांढरा झाला होता, तो तसाच आहे. सुपातल्या तांदळावर नीट बघितलं तर अजून थोडी निळी झाक दिसते. पण फ्रेम लावली त्या दिवशी शेजारची काकू आली, उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "आता दिसली बुढी."

बाबा काही बोलले नाहीत. लुगडं मात्र त्यांनी पुन्हा पेटीत ठेवायला दिलं, आणि मला म्हणाले, "याचाही एक फोटो काढून ठेव. जसा आहे तसा."