पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही? गडबड ‘डोमेन कंट्रोलर’मध्ये असू शकते

सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन कम्प्युटर सुरू केला. शुक्रवारी बदललेला पासवर्ड टाकला, तर स्क्रीन म्हणते पासवर्ड चुकीचा. शेजारच्या सहकाऱ्याचं लॉगिन मात्र लगेच झालं. तुम्ही पुन्हा पुन्हा टाइप करता आणि शेवटी अकाउंटच लॉक होतं.

यात दरवेळी चूक तुमचीच असते असं नाही.

पासवर्ड तपासतो कोण?

मोठ्या ऑफिसात हे काम ‘डोमेन कंट्रोलर’ नावाचा सर्व्हर करतो. कर्मचारी कोण, कुणाला काय उघडता येईल, याची नोंदवही त्याच्याकडे असते. मायक्रोसॉफ्टच्या जगात तिचं नाव ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’. एक सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून असे दोन किंवा जास्त सर्व्हर ठेवतात. एका वहीतला बदल बाकीच्या वह्यांमध्ये उतरवणं म्हणजे ‘रेप्लिकेशन’.

एकाच ऑफिसात हे काही सेकंदांत होतं. दोन शहरांतल्या शाखांमध्ये मात्र मूळ सेटिंग १८० मिनिटांचं असतं. पासवर्डसाठी खास सोय आहे. नवा पासवर्ड लगेच एका ठरलेल्या कंट्रोलरला कळवला जातो. दुसऱ्या कंट्रोलरला तो चुकीचा वाटला, तर तो आधी या ठरलेल्या कंट्रोलरला विचारतो. हा संपर्क तुटला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

गाडी अडते कुठे?

घड्याळ: दोन मशीनच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, की ओळख पटवणारी ‘कर्बेरोस’ यंत्रणा नकार देते.

डीएनएस: कंट्रोलर एकमेकांचा पत्ता इथूनच शोधतात. पत्ता चुकला की निरोप पोहोचत नाही.

फार काळ बंद सर्व्हर: साधारण १८० दिवसांहून जास्त काळ तुटलेला कंट्रोलर परत जोडला, तर खोडलेली जुनी खाती पुन्हा डोकं वर काढू शकतात. म्हणून बाकीचे त्याच्याशी देवाणघेवाण थांबवतात.

आयटीवाले ‘रेपअ‍ॅडमिन’ आणि ‘डीसीडायग’ या कमांड चालवून कोणत्या दोन सर्व्हरमध्ये अडलंय ते पाहतात. त्यानंतर घड्याळ, डीएनएस, फायरवॉल एकेक करून तपासतात.

वीज गेली म्हणून वाचले!

२७ जून २०१७. ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने जहाज कंपनी मर्स्कला गाठलं. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशोब होता. पण सगळे एकदमच पुसले गेले.

उरला फक्त घानातला एक. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो नेटवर्कपासून तुटला होता. इंटरनेट इतकं संथ, की त्यावरचा डेटा पाठवायला काही दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोहोचली.

थोडक्यात काय, तर रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही. एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवावीच लागते.

आणि तुम्ही? अकाउंट लॉक होण्याआधी थांबा. कम्प्युटरचं घड्याळ बघा आणि पासवर्ड कधी बदलला ते आयटीला सांगा. त्यांचं निम्मं काम तिथेच होईल.