लघवीचं आधी सांगा

"काय करायलास पोरा? मरू दे की सुखानं." भालकी रस्त्यावर गाडीनं उडवलेल्या कुत्रीला मी पोत्यात घेत होतो, तेव्हा टपरीवरचे काका बोलले. त्यात दुष्टपणा नव्हता. पांगळं कुत्रं म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा, अशीच आमच्या बिदर-कलबुर्गी भागातली समजूत.

तसं कुत्रं आपल्याला परकं नाही. खानापूरचा मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा, कुत्र्याशिवाय पुरा होत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेत. दारातून भाकरी टाकायला हात आखडत नाही. पांगळ्याला घरात घ्यायचं म्हटलं की आखडतो.

आता हे बदलायलंय. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, पलीकडं उदगीरला महाविद्यालय. मोबाइलवर चाकगाडीवर पळणारी कुत्री पोरं बघतात आणि जखमी कुत्रं दिसलं की उचलतात. पण उचलणं हा सोपा भाग.

कुत्र्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणून मागचा एक पाय गेला तरी ते पळतं. पाठीचा कणा दुखावला तर गोष्ट वेगळी. मागचे पाय जातातच, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. मग दिवसातून तीन-चार वेळा पोट दाबून लघवी काढायची, अंग पुसायचं, कूस बदलायची. नाहीतर जखमा होतात. चाकगाडी थोडा वेळच, दिवसभर नाही.

मी पोतं वापरलं, ती चूक. कणा हलू नये म्हणून सपाट फळी हवी. वेदनेत कुत्रं चावतं. जखम नसताना अचानक लुळं पडलेलं, लाळ गाळणारं कुत्रं असेल तर हात लावू नका. रेबीज असू शकतो. चावलंच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

2023 च्या नियमांप्रमाणं भटक्या कुत्र्याला निर्बीजीकरण आणि लस करून त्याच गल्लीत सोडतात. पण जे उठूच शकत नाही ते गल्लीत कसं जगणार? त्याला घरच हवं. आणि घेऊन उपाशीतापाशी टाकून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मला घर शोधायची घाई झाली. आळंदच्या एका कुटुंबाला म्हणालो, "थोडी लंगडते, बाकी लई गोड आहे." चौथ्या दिवशी ती परत आली. अंथरूण ओलं, कुशीला जखम. चिडले नाहीत ते, एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतं."

पुढं हुमनाबादच्या एक निवृत्त बाई बघायला आल्या. या वेळी मी आधी लघवी कशी काढायची ते दाखवलं. त्यांनी तीन दिवस येऊन स्वतःच्या हातानं केलं, मग नेली. गाडीची चाकं टपरीवाल्या काकांनी नातवाच्या मोडक्या सायकलीची काढून दिली.

मित्रांनो, पांगळ्या कुत्र्यासाठी घर शोधत असाल तर गोड आहे हे शेवटी सांगा. लघवीचं आधी सांगा.