उन्हाने नाही, पाण्याने मरतात ही फुलझाडं! टँकरच्या गावातही फुलू शकतं अंगण

मार्च लागला की आठवडी बाजारात रोपांचे हातगाडे दिसतात. त्यावर पिटुनिया, शेवंती असं काहीबाही फुललेलं असतं आणि रंग बघून माणूस दोन-चार रोपं घेऊन येतो. ही मुळात थंडीची फुलं. एप्रिलच्या उन्हात ती माना टाकतात. ज्या गावात टँकरची वाट बघावी लागते तिथे त्यांच्यावर हंडे ओतणं परवडणारं नाही.

उन्हाची फुलं वेगळी आहेत. गलांडा, सदाफुली, झिनिया, ऑफिस टाइम, बोगनवेल. यातली बहुतेक बाहेरून आलेली, पण आता आपल्या अंगणातलीच झालीत. झिनिया मेक्सिकोची, सदाफुली मादागास्कर बेटावरची. ऑफिस टाइमची पानं जाड, रसाळ असतात, पाणी त्यातच साठतं. पाणी फारच कमी पडलं तर हे झाड पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, म्हणजे उन्हात ओल उडून जात नाही. फांदी मोडून मातीत खोचली तरी लागते, विकत घ्यायची गरजच नाही. शेजारणीकडून मागून आणावी.

आता मुख्य गोष्ट. ही झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. दुपारी सदाफुली मलूल दिसली की घरातलं कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं. संध्याकाळी पुन्हा ओततं. खरं तर दुपारी सुकलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ झालं तर ते नुसतं ऊन होतं. पण सकाळी थंड वेळेलाही झाड मलूल आणि बुडाची माती ओली असेल, तर मूळ कुजायला लागलंय असं समजावं. अशा वेळी आणखी पाणी घातलं की झाड गेलंच.

रोप लावल्यावर पहिला महिनाभर मात्र पाणी चुकवू नये. दुष्काळ सोसतं ते मूळ खोल गेलेलं झाड, कालचं रोप नाही. पुढे बोटभर खोल माती उकरून बघायची, कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदाच खोलवर दिलेलं बरं. कुंडीला मात्र लवकर लागतं. बुडाला उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा अंथरला तर ओल टिकते.

जमीन आणि हवा बघून थोडा बदल करावा लागतो. माण, सांगोला, जतकडच्या मुरमाड जमिनीत गलांडा तक्रार न करता येतो, फुलं हारवाले घेतात. काळ्या, चिकट रानात वरंबा करून वरच लावावं, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मुळं कुजतात. चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, तिथे नव्या रोपाला काही दिवस दुपारची सावली करावी. कोकणात ऊन नव्हे, पाऊस आणि दमट हवा नडते. झिनियावर भुरी येते. तिथे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, अंतर ठेवून लागवड केलेली चांगली.

खताचा मोह आवरावा. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि युरिया दिला तर नुसता पाला वाढतो. थोडा ताण बसला की ती रंगाने भरते. (तो रंग फुलाचा नसतो, फुलाभोवतीच्या पानांचा असतो. खरं फूल आतलं, बारीक पांढरं.)

कण्हेरही उन्हाला पक्की, बोअरच्या खारट पाण्यावरही तगते. पण तिचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी. दावणीजवळ, गोठ्याजवळ लावू नये आणि छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नयेत. वाळलेल्या पानातही विष राहतं, त्यामुळे छाटणीचा पाला खड्ड्यात पुरावा.